‘होत नाही’ लिहिलेला पंप

माझी ताई वाइंडिंग करते. पंखा, मिक्सर, पाण्याचा पंप, गाडीच्या वायपरची मोटार, यातलं काहीही जळलं की आतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि तितक्याच वेढ्यांची नवी तार भरायची, हे तिचं काम. तीस वर्षं करतेय. बाईमाणूस म्हणून लोक सुरुवातीला मोटार हातात द्यायला कचरायचे. नंतर तेच लोक दुसऱ्या कोणाकडे जाईनात. ताई फार बोलत नाही. तिच्या वाटचंही धाकटी बोलून टाकते, असं आमची आई म्हणायची, आणि ते खरंच आहे.

दुकान तळमजल्यावर, घर वरच्या दोन खोल्यांत. काउंटरवर भावोजी बसायचे, आतल्या टेबलावर ताई. भावोजींना वाइंडिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माणसं कळायची. ते वस्तू घ्यायचे, तक्रार ऐकून घ्यायचे, पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर तारीख आणि बिघाड लिहून ती दोऱ्याने वस्तूला बांधायचे आणि आत सरकवायचे. वर प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवायचे, "आमच्याकडून काम परत जात नाही." ताई स्वतः हे कधी म्हणाली नाही. पण त्यांनी म्हटलं की आतल्या टेबलावर तिची मान जराशी ताठ व्हायची, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

पाच महिन्यांपूर्वी सकाळी दुकान उघडताना भावोजींच्या छातीत कळ आली, आणि दुपारी ते गेले. ताई रडली नाही. लोक म्हणाले, मोठ्या धीराची आहे. धीर कसला डोंबलाचा! दिलं तर जेवायची, सांगितलं तर झोपायची. काहीही विचारा, उत्तर एकच, "ठीक आहे." नऊला दुकान उघडायची, भावोजींच्या खुर्चीवर बसायची आणि आलेल्या प्रत्येकाला "सध्या बंद आहे" म्हणून वाटेला लावायची. आतल्या टेबलावर धूळ साठली होती.

मी रोज बसने डबा घेऊन जायचे आणि तिच्या मागे लागायचे. रड ग बाई एकदा. ओरड, भांडी आपट, माझ्या अंगावर धावून ये. मला भीती होती ती हीच, की भावोजींच्या मागोमाग ही पण जाईल, फक्त कोणाला कळणार नाही, कारण खुर्चीवर बसलेली दिसेल.

"मला काहीच वाटत नाही ग," ती एकदा म्हणाली. "बरं नाही आणि वाईटही नाही. दात काढायच्या आधी सुई दिल्यावर गाल होतो ना, तसं."

आणि योगायोग बघा, तिसऱ्याच दिवशी दातांचा डॉक्टर दुकानात आला.

त्याची गाडी आधी दिसली. जुनी स्पोर्ट्स कार, दोन दारांची, लांब नाकाची, आणि इतकी बुटकी की आधी पाय, मग डोकं, मग उरलेला डॉक्टर असा तो हप्त्याहप्त्याने बाहेर आला. त्याने काउंटरवर एक खोका ठेवला.

"या गाडीच्या हेडलाइटखाली दोन पिचकाऱ्या आहेत," तो म्हणाला. "चिखल उडाला की बटण दाबायचं, काचा धुतल्या जातात. हा त्यांचा पंप. बंद पडलाय."

"नवा घ्या की," मी म्हणाले. ताई काही बोलणार नव्हतीच.

"नवा मिळतो, बसतोही. पण बाबांना मूळचाच हवाय. तरुणपणी त्यांनी ही गाडी घेतली ती या पिचकाऱ्यांवर भाळून. आता त्यांच्याने गाडी चालववत नाही. म्हणतात, एकदा उडताना बघू दे, मग विका काय विकायची ती." तो जरा घुटमळला. "बावीस वर्षांपूर्वी त्यांनी हा तुमच्याकडेच आणला होता. तुमच्याकडून परत आला."

"शक्यच नाही!" माझा आवाज चढला. "पत्ता चुकलाय तुमचा."

त्याने खोक्यातून पंप काढला. मुठीत मावेल एवढा, पत्र्याचा. त्याला दोऱ्याने पुठ्ठ्याची पिवळी पडलेली चिठ्ठी बांधलेली होती. अक्षर भावोजींचं होतं. तारीख, आणि खाली चार शब्द. ‘होत नाही. परत दिला.’

ताईने हात पुढे केला. चिठ्ठी वाचली. एवढ्याशा मजकुराला किती वेळ लागतो? तिला फार लागला.

"ठेवून जा," ती म्हणाली.

पाच महिन्यांत पहिल्यांदा तिने काम घेतलं होतं. मला वाटलं, अभिमान डिवचला गेला. मनातल्या मनात मी डॉक्टरला शंभर गुण दिले. तो गेल्यावर ताईने आतलं टेबल ओल्या फडक्याने पुसलं, दिवा खाली ओढला आणि पंप उजेडात धरला.

"हे बघ," ती म्हणाली. झाकणाला तीन स्क्रू होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका. "कारखान्यात लावतात. स्क्रू फिरवला की रंग तडकतो. हे तिन्ही शाबूत आहेत. हा कोणी उघडलेलाच नाही."

"मग उघडून न बघताच ‘होत नाही’ कसं लिहिलं?"

तिने चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "तारीख वाच."

मी वाचली आणि स्टुलावर बसले.

त्या महिन्यात ताईला मुलगी झाली होती. आठ दिवस होती. त्यानंतर ताई वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून जी पडली ती जवळजवळ सात आठवडे. मी तिथेच होते, तिची वेणी घालायचे, तिला बळेबळे भरवायचे. भावोजी सकाळी खाली जायचे, दुपारी जेवायला वर यायचे, दारात उभं राहून तिच्याकडे बघायचे आणि पुन्हा खाली जायचे. शेवटी ती उठून एकदाची खाली आली तेव्हा तिने पहिला प्रश्न केला तो हाच, की कामं किती साठलीत? आणि भावोजी म्हणाले होते, "साठतात कशाने? मंदी आहे. इतक्या दिवसांत कोणी आलंच नाही."

आम्ही दोघींनी ते खरं मानलं. मी तर वर त्यांना सुनावलंही होतं, की नुसतं काउंटरवर बसून गिऱ्हाईक येत नसतं, चार ठिकाणी फिरावं लागतं. ते हसले होते. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते.

"किती जणांना परत पाठवलं असेल ग ह्यांनी?" ताई म्हणाली.

मी तिच्याकडे बघत राहिले. म्हटलं, आता बांध फुटतो. पदर सावरून तयारच होते मी. पण ताईने चिठ्ठीचा दोरा सोडवला, चिठ्ठी बाजूला ठेवली आणि पहिल्या स्क्रूला हात घातला. रंग टचकन तडकला.

चार दिवस ती त्या पंपावर होती. कोणीतरी टाकीत पाणी नसताना बटण दाबत राहिलं होतं, त्यामुळे आतली मोटार जळली होती. ताईने जुनी तार सुईने उपसली आणि उपसताना वेढे मोजले. पाच खाचा, एकेका खाचेत एकशे चाळीस, केसाएवढी तार. तेवढीच जाड नवी तार शोधायला माळ्यावरची सगळी रिळं खाली काढली. मोटारीत वीज पोचवणारे कार्बनचे ब्रश झिजून संपले होते आणि त्या मापाचे कुठे मिळेनात, म्हणून मोठ्या मोटारीचा ब्रश कापून कानशीने घासला. पाणी जायच्या वाटेवर क्षाराचा पांढरा थर होता, तो व्हिनेगरमध्ये दोन दिवस भिजवून काढला. पत्र्याचं झाकण बदलून टाक, मी म्हणाले, दुसरं चकचकीत आहे की आपल्या सुट्या भागांच्या खोक्यात. तर म्हणाली, मूळचं मागितलंय.

डॉक्टर रोज दवाखाना सुटल्यावर यायचा. पिचकाऱ्यांची टोकं क्षाराने बुजली होती, ती त्याने स्वतःकडे घेतली. काउंटरवर दिवा लावून, दातातली कीड कोरायची हत्यारं मांडून बसायचा आणि सवयीने पुटपुटायचा, "दुखलं तर हात वर करा." मी हसले. ताई हसली नाही. ती मोजत होती.

मला राहवेना. तिसऱ्या दिवशी तो गेल्यावर मी म्हटलं, "ताई, माणूस बावीस वर्षं तुझ्याशी खोटं बोलला. आपलं ते लाडकं वाक्य रोज लोकांना ऐकवत राहिला, आणि सात आठवडे स्वतःच कामं परत करत होता. तुझं नाव खराब केलं. रडायला येत नाही तर निदान चीड तरी!"

"थांब, मोजणी चुकेल," ती म्हणाली. एकशे चाळीस झाल्यावर तार तोडली आणि मग उत्तर दिलं. "चिडायचंय मला. येतच नाही काही. त्यांनी काय काय केलं ते सगळं समोर दिसतंय, आणि इथे," तिने छातीवर बोट ठेवलं, "काही नाही."

मी घरी जाताना बसमध्ये रडले. कोणीतरी एकीने रडायला हवं होतं.

रविवारी सकाळी डॉक्टर गाडी घेऊन आला. शेजारच्या सीटवर त्याचे वडील होते, ऐंशीच्या पुढचे, गुडघ्यांत काठी उभी धरून बसलेले. ताईने पंप टाकीला बसवला, नळ्या जोडल्या, टोकं जागेवर लावली. मग टाचणी घालून टोकांची दिशा काचेच्या मध्यापेक्षा थोडी वर केली. गाडी धावताना वारा धार मागे खाली दाबतो, म्हणून उभ्या गाडीत ती वर लागायला हवी, असं तिने डॉक्टरला समजावलं. इतकं लांब वाक्य मी तिच्या तोंडून कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

डॉक्टरने बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. नुसती टकटक.

"झालं!" म्हातारबुवा काठी आपटत म्हणाले. "सांगत होतो मी. उगाच चार दिवस घालवले."

"आधी दिवे लावा," ताई म्हणाली. "दिवे लागल्याशिवाय पंपाला वीज जात नाही."

डॉक्टरने कपाळावर हात मारला आणि दिवे लावले. या वेळी पंप बारीक घुंइं करून बोलला आणि दोन धारा सुटल्या. दोन्ही एकदम, सरळ, काचांवर पसरून खाली ओघळल्या. म्हाताऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. "परत," ते म्हणाले. डॉक्टरने परत दाबलं. "परत." टाकी अर्धी होईपर्यंत हे चाललं, आणि समोरचा सगळा रस्ता ओला झाला.

मग त्यांनी खिडकीतून ताईला जवळ बोलावलं.

"तुमचे मिस्टर बसायचे ना काउंटरवर? ते मला म्हणाले होते, याला कोणीच हात लावू शकणार नाही. मी विश्वास ठेवला. बावीस वर्षं वाकून वाकून रुमालाने काचा पुसल्या मी. आणि तुम्ही चार दिवसांत केलंत! मग तेव्हा का नाही झालं? खोटं बोलले का ते माझ्याशी?"

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. त्या पोरीपासून भावोजींच्या मंदीपर्यंत सगळं त्यांच्या पदरात घालणार होते मी, म्हणजे पुन्हा कोणाला असं विचारायची हिंमत झाली नसती. ताईने न बघता माझं मनगट धरलं.

"तेव्हा नव्हतं होत, बाबा," ती म्हणाली.

"का?"

"माझ्याच्याने होत नव्हतं."

म्हातारबुवांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग मान हलवली. त्यांचं समाधान झालं असावं. "असं होय. म्हणजे ते खरंच बोलले."

"हो," ताई म्हणाली. "ते कधी खोटं बोलायचे नाहीत."

‘नाहीत’ म्हणेपर्यंत तिचा आवाज फाटला. ती गाडीच्या नाकावर दोन्ही हात टेकून वाकली आणि रडायला लागली, मोठ्याने, रस्त्यात, रविवारच्या सकाळी. समोरच्या खिडक्या उघडल्या. डॉक्टर पाणी आणायला धावला. म्हातारबुवा घाबरून मला विचारू लागले, की मी काही वावगं बोललो का, बाई?

पाच महिने मी तिला रड, रड म्हणत होते. आता ती रडत होती आणि काय करायचं ते मलाच कळेना. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांना सांगितलं, नाही हो, बाबा, तुम्ही बसा जरा, तिला वेळ लागेल.