सात नावांची यादी

दिवाळीनंतर अमरावतीहून दादाच्या शेजाऱ्यांचा फोन आला. "ताई, लवकर या. डॉक्टरसाहेब पाण्याचा पेला पाहून दचकून राह्यले." अकोल्याहून निघताना बॅगेत काय काय भरलं ते आठवतं, वाटेतलं काहीच आठवत नाही. दादा गुरांचा डॉक्टर होता. त्या दचकण्याचा अर्थ त्यालाही कळला असणार...

पोळ्याच्या दिवशी दर्यापूरकडच्या एका खेड्यातून त्याला बोलावणं आलं होतं. तो निवृत्त झाला तरी लोक त्यालाच बोलवत. पूजेचा बैल पुरणपोळी घेत नव्हता, तोंडातून लाळ गळत होती. घशात कणीस अडकलं असेल म्हणून दादाने उघडा हात घालून पाहिलं. त्याआधी घरातल्या सातही जणांनी आपापल्या हाताने घास भरवून पाहिला होता. "सणाच्या दिवशी उपाशी कसं ठेवाचं त्याले?" घरची म्हातारी म्हणाली. दोन दिवसांनी बैल मेला. गोठ्यात पिसाळलेलं कुत्रं शिरलं होतं, हे तेव्हा कुठे कोणीतरी बोललं. कुत्र्याकडून बैलाकडे, बैलाच्या लाळेतून माणसाकडे. रेबीजच्या विषाणूला बोटावरची एक चीर पुरते.

दादाने मला फोन केला. "मंदे, तुह्यी वही काढ. सात नावं लिही. हे लोक दोन इंजेक्शनं घेऊन घरी बसतीन, तू पिच्छा सोडू नको." असली कामं मला जमतात. प्रत्येकाच्या तारखा लिहिल्या, आदल्या दिवशी फोन केले. जो टाळेल त्याला दादा स्वतः गाडीवर बसवून दवाखान्यात नेई. मी एकदा विचारलं, "आणि तुझं रे?"

"माह्ये नोकरीत असतानाच झाले. त्या सातजणायचं पाह्य आधी."

आधी झालेल्यालाही पुन्हा दोन घ्यावी लागतात. हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं. पण मी दुसऱ्यांदा विचारलंही नाही.

आमचं शेवटचं बोलणं दवाखान्यातल्या त्याच्या खोलीच्या दारातून झालं.

"त्या घरच्या लहानीनं शेवटचं इंजेक्शन घेतलं ना?"

"घेतलं, दादा. सगळ्यांची झाली."

"मंग झालं."

दादाच्या तेरवीला सातही जण आले. म्हातारी बराच वेळ माझा हात धरून बसली.

दादा एकटाच राहायचा. बाहेरून आला की अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुवूनच घरात पाऊल टाकायचा. घर रिकामं करायला मी दर रविवारी जाते. भांडी झाली, कपडे झाले. नळावरचा साबण वाळून भेगाळलाय, त्यावर त्याच्या बोटांचा खळगा आहे. मी हात धुवायला आत जाते.