एकशे त्रेसष्ट शंका

छापखान्यात बाईंना सगळे लालपेन्सिल म्हणायचे. एकतीस वर्षं त्यांनी डोळ्यांत तेल घालून मुद्रितं तपासली, तीही उलटी: ओळीखाली पट्टी धरून, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे. मजकुरात मन रमलं की चूक निसटते, हा त्यांचा सिद्धान्त.

त्यांची लेक टॉवर-दुरुस्तीच्या परीक्षेत पहिली आली, कंपनीत लागली आणि सहा महिने नुसत्या फायली लावत बसली. एका संध्याकाळी तिने कंपनीचं इंग्रजी नियमपुस्तक आईपुढे आपटलं.

"साहेब म्हणतात, यात जिथेतिथे 'हिज' लिहिलंय. कामगाराने त्याचा दोर तपासावा, त्याचं हेल्मेट घालावं. म्हणजे पुरुषच! तू वर चढायचं नाव काढू नकोस."

बाईंनी पुस्तक हातात घेतलं. या पुस्तकाच्या चारही आवृत्त्या त्यांच्याच हातून गेल्या होत्या. उलट वाचताना शब्द न् शब्द बरोबर होता; पुस्तक काय म्हणतंय, हे मात्र त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

पाचवी आवृत्ती छापायला आली तेव्हा छापखान्याच्या मालकांनी बजावलं, "बाई, मूळ मजकुराला हात लावायचा नाही."

"हात कोण लावतंय? शंका तर विचारू ना?"

शंका समासात लिहायची आणि गिऱ्हाइकाने प्रत्येकीपुढे हो किंवा नाही लिहून सही करायची, हा तिथला जुना रिवाज. बाईंनी एकशे त्रेसष्ट 'हिज'भोवती गोल काढले आणि प्रत्येकापुढे लिहिलं, 'इथे बाईही चालेल ना? मग दोघांना चालणारं देअर करू?'

कंपनीचे साहेब तणतणतच छापखान्यात आले. "हा काय पोरखेळ लावलाय?"

"नाही लिहा आणि सही करा. आमचं काय जातंय?" बाई साखरेच्या आवाजात म्हणाल्या.

साहेबांनी पेन उघडलं. तोंडाने नाही म्हणायला काय लागतं? पण बाई चालणार नाही, असं स्वतःच्या सहीनिशी लिहायचं, तेही एकशे त्रेसष्ट वेळा! पेन हवेतच थांबलं. शेवटी पहिल्याच पानावर त्यांनी 'सर्वत्र हो' लिहिलं आणि सही ठोकली.

नवं पुस्तक निघालं त्याच आठवड्यात लेकीला टॉवर मिळाला. बाई रजा टाकून खाली उभ्या होत्या. पट्टी घरीच ठेवून आल्या होत्या. त्यांनी पुस्तक उघडलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. पहिलाच नियम दोर तपासण्याचा होता.

लेकीने तिचा दोर दोनदा ओढून पाहिला आणि चढायला लागली.