दुपट्याखालचा अडकित्ता

वजनाच्या बाबतीत माझा हात म्हणजे काटा, असं आमच्या गावात म्हणतात. दारव्ह्याच्या बाजारात कोहळं उचलून मी वजन सांगतो आणि भाजीवाली तराजू काढायच्या आधीच भांडायला उठते. म्हणून पहिला नातू जन्मल्यावर त्याला माझ्या हातात न देता सरळ नागपूरला पळवलं, याचा मला जो राग आला तो अजून पुरता उतरलेला नाही. मी आजोबा आहे. पहिलं वजन माझ्या हातावर व्हायला पाहिजे होतं.

पण राग काढणार कुणावर? पोरगं जन्मतःच निळं पडलं होतं. हृदयातून निघणाऱ्या दोन नळ्यांची अदलाबदल झाली आहे, असं डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. विहिरीवरच्या मोटारीचे पाईप मी स्वतः दोनदा उलटे जोडलेले असल्यामुळे मला ते लगेच समजलं. नागपूरवाल्यांनी आठवड्याच्या पोराची छाती उघडून त्या नळ्या सरळ केल्या. धोका टळल्यावर पुढं वजन भरण्यासाठी त्याला यवतमाळच्या एका मुलांच्या दवाखान्यात आणलं. छातीच्या मधोमध शिवण होती, कापसाच्या बोऱ्याला दाभणानं घालतात तशी.

इथल्या डॉक्टरांनी एकच अट घातली. अडीच किलो भरला की घरी.

दूध त्याला नळीतून, मोजून मिळायचं. ते माप बघून मी पहिल्याच दिवशी भांडलो. “एवढंसं? आमच्या घरची मांजर याच्याहून जास्त पिते.”

“आजोबा, त्याच्या हृदयाले जास्त पाणी झेपत नाही,” सिस्टर म्हणाली. “तुमी घड्याळाकडं पाहा अन् गप बसा.”

रोज सकाळी आठला वजन व्हायचं. सिस्टर आधी काट्यावर दुपटं टाकायची, काटा शून्य करायची आणि मग बाळ ठेवायची. त्यानंतर लगेच गावाहून बायकोचा फोन. “किती भरला?” कापूस विकून आलेल्या माणसाला विचारतात तोच प्रश्न, त्याच आवाजात. पाच ग्रॅम. आठ ग्रॅम. एक दिवस तर उलटे दहा ग्रॅम कमी. “मंग तुमी तिथं बसून काय करून राह्यले?” ती म्हणाली, जसं काही पोराचं दूध मीच पीत होतो.

एका वेळी आत एकालाच परवानगी होती. सून आंघोळीला गेली की गाऊन-टोपी चढवून तिच्या जागी मी बसायचो. एका सकाळी ती जाता जाता थांबली. “मामाजी, मले घरी न्या आता. ह्या भिंती पाहून पाहून जीव उबगला,” म्हणाली आणि रडायलाच लागली. पोरगी बाळंतपणापासून एक रात्र धड झोपली नव्हती. मला ते बघवलं नाही.

आता आमच्याकडची रीत सांगतो. कापूस काट्यावर न्यायच्या आधी त्याच्यावर तांब्याभर पाणी शिंपडतात. व्यापारी हात घालून ओलावा बघतो, शिव्या देतो, वजनात कट्टी धरतो, म्हणजे ओलाव्यापोटी दोन-चार किलो कापून घेतो. त्याचा काटाही काही गंगेत न्हालेला नसतो. दोघंही एकमेकांना फसवतात आणि शेवटी सोबत चहा पितात. मीही शिंपडलंय. माझ्या बापाचं तर तांब्यानं भागत नसे, तो बादली वापरायचा.

त्या दिवशी सिस्टरनं दुपटं टाकलं, काटा शून्य केला आणि बाळाला उचलायला पाठ फिरवली. माझा हात गाऊनखालच्या खिशात गेला. खिशात पितळी अडकित्ता होता. तो दुपट्याच्या घडीत कधी शिरला हे माझं मलाच कळलं नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे चांगलं कळलं होतं.

दोन किलो चारशे दहा! आदल्या दिवशी होते दोन किलो दोनशे नव्वद. उद्या अडकित्त्यासोबत घराचं कुलूप ठेवलं की परवा गावात, असं मी मनात पक्कं करून टाकलं. सिस्टरनं बाळाला उचललं तसा मी माल परत खिशात घातला.

पण तिचा चेहरा उतरला. “एका दिवसात एकशेवीस? थांबा, पुन्हा करू.”

बाजारात दुसरं वजन पहिल्याशी जुळलं नाही तर अख्खी गाडी परत जाते. म्हणून मी अडकित्ता पुन्हा ठेवला. पुन्हा चारशे दहा.

मग जी धावपळ झाली! डॉक्टर पळत आले. त्यांनी पोराच्या पायावर अंगठा दाबून पाहिला, पोट दाबलं, पाठीला कानातली नळी लावली. “अंगात पाणी साठलं असेल. दूध थांबवा, एक्स-रे काढा, पाणी उतरवायचं इंजेक्शन भरा.” वजनासाठी पाणी मारणारी आमची जात, आणि इथे हा माणूस न मारलेलं पाणी शोधत होता. सिस्टर सुई भरून आली आणि तिनं तो बोटाएवढा पाय हातात धरला.

“थांबा!” मी ओरडलो आणि अडकित्ता काढून फायलीवर ठेवला.

डॉक्टरांनी अडकित्ता उचलून काट्यावर ठेवला. एकशेबारा. म्हणजे पोरानं स्वतःच्या हिमतीवर आठ ग्रॅम कमावले होते आणि मी ते पितळेखाली दाबले होते.

“कापूस लावता काय, आजोबा?”

“हो.”

“माझा बापही लावत होता.” त्यांनी अडकित्ता माझ्या हातात दिला. “पण ह्या पोराच्या अंगात पाणी भरलं तर जीव जातो. अन् नसताना इंजेक्शन दिलं तरी वांधाच. समजलं?”

समजलं. मला तिथेच रडू फुटलं. लाज वाटलीच, पण भीती तिच्याहून मोठी होती.

त्या दिवसापासून वजनाच्या वेळी मला भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात वर करून उभं राहावं लागे. ही सिस्टरची शिक्षा. बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. “किती भरला? अन् अडकित्ता धरून सांगून राह्यले का सोडून?”

असे कितीतरी दिवस गेले. एका सकाळी भिंतीकडे बघत असताना मागून आकडा आला, दोन किलो चारशे नव्वद. डॉक्टर हसले. “दहा ग्रॅमचं काय एवढं? तब्येत मस्त हाय. आज सुट्टी.” दाराशी उभ्या सुनेनं लगेच पिशवी भरायला घेतली.

“नाही,” मी हात वर ठेवूनच म्हणालो. “दहा कमी हायत. पुरं भरू द्या.”

“मामाजी! काहून?”

सिस्टर तर हसता हसता खालीच बसली. पण मी हटलो नाही. आयुष्यभर मी कमी माल पुरा म्हणून खपवला, हे एक मला पुरं पाहिजे होतं. डॉक्टरांनी एक दिवस वाढवला. सुनेनं दिवसभर माझ्याशी अबोला धरला.

दुसऱ्या दिवशी दोन किलो पाचशे पंधरा. सिस्टरनं माझे हात खाली घेतले, बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि पहिल्यांदाच माझ्या हातात दिलं. “सांगा आजोबा, तुमच्या काट्यानं किती?”

मी डोळे मिटले. माझ्या तळव्याला त्याची छाती लागत होती, आतलं यंत्र धडधड चाललं होतं, सरळ जोडलेल्या नळ्यांतून. वजन काही केल्या समजेना.

खाली गाडी उभी होती, सून पिशवी घेऊन दारात खोळंबली होती.

“थांबा,” मी म्हटलं, “पुन्हा करू.” आणि पोराला मी कुणाच्याच हातात दिलं नाही.