मागे राहिलेल्याची पाळी

परवा गॅरेजमध्ये जुन्या पत्रकांचा गठ्ठा शोधताना फेकून खेळायची एक नारिंगी प्लॅस्टिकची डिस्क सापडली. कडेला वाळलेला चिखल तसाच होता. ती हातात घेतली आणि मी थेट २००६च्या उन्हाळ्यात, ओहायोतल्या आमच्या गावच्या छोट्या सार्वजनिक बागेत पोचले.

तिथे डिस्क गोल्फ खेळायचे, म्हणजे खांबावरच्या साखळ्यांच्या बास्केटमध्ये कमीत कमी फेकींत डिस्क टाकायची. त्या नऊ बास्केट काढून पार्किंग करायचं शहराच्या नगरपालिकेत घाटत होतं. मी संतापून सह्या गोळा करत फिरत होते. नाडकर्णी काका, रिटायर्ड डॉक्टर, दोन मित्रांबरोबर खेळत होते. मी त्यांच्यापुढे सह्यांचं पत्रक धरलं.

"कधी खेळलीयेस का हे?" काकांनी विचारलं.

"नाही काका, पण मुद्दा लोकांच्या हक्काचा आहे!"

"हक्क नंतर. आधी फेक." काकांनी हीच नारिंगी डिस्क माझ्या हातात ठेवली.

त्यांची डिस्क बास्केटजवळ पडली, माझी झुडपात गेली. मी ओशाळून बाजूला झाले.

"अगं, पळतेस कुठे? ज्याची डिस्क बास्केटपासून सगळ्यात लांब, तो आधी फेकतो. बाकीचे थांबतात."

कापलेल्या गवताचा वास, मानेवर ऊन आणि माझ्यासाठी शांत उभे तिघे म्हातारे. पाचव्या फेकीला माझी डिस्क बास्केटमध्ये गेली, साखळ्या खणखणल्या, तेव्हा तिघांनीही टाळ्या वाजवल्या.

तेव्हा मला फक्त लाज वाटली होती. आज वाटतं, समतेवर मी ढीगभर पत्रकं खरडली, पण मागे राहिलेल्यासाठी खरंच थांबणारी माणसं मी तिथेच पाहिली.

काकांनी सही केली. नगरपालिकेच्या बैठकीत मी एकही घोषणा दिली नाही, फक्त त्या पाच फेकी सांगितल्या. बास्केट अजून तिथेच आहेत.