घेटुळीचा काढा

“दादा बरे आहेत ना?” मी फोनवर नेहमीसारखं विचारलं.

“लई बरं हाय त्यांचं. तुझंच औषिद चालू हाय नव्हं,” आई म्हणाली.

माझं कसलं औषध? मी नगरला औषधनिर्माण कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. औषध कुणालाच देत नाही. काचेच्या बशीत मूत्रपिंडाच्या पेशी वाढवायच्या, त्यांना घेटुळीचा अर्क द्यायचा, मग विष घालायचं आणि किती जगल्या ते बघायचं, एवढंच माझं काम. घेटुळी म्हणजे पुनर्नवा, आमच्या बांधावर पायाखाली येते ती. दिवाळीत दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खोदून खोदून विचारलं, तेव्हा मीच हौसेने सांगत बसले की आधी अर्क मिळालेल्या पेशी विषापुढेही बऱ्यापैकी तग धरतात. ऐकणाऱ्याच्या किडन्या कधीच्या दुखण्यात आहेत, हे काय मला ठाऊक नव्हतं?

राहुरीच्या पुढचं आमचं गाव येईपर्यंत स्कूटरवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बशीत आम्ही अर्क थेंबाथेंबाने देतो. हे गृहस्थ सकाळ-संध्याकाळ तांब्याभर काढा पीत होते आणि डॉक्टरांच्या गोळ्या फळीवर धूळ खात पडल्या होत्या. घेटुळीत पोटॅशियम भरपूर. थकलेल्या किडन्यांना ते बाहेर टाकता आलं नाही, तर हृदयच बंद पडायचं. मी आईवर ओरडले, दादांवर ओरडले, काढ्याचं पातेलं मोरीत रिकामं केलं.

“आगं, पोरीचं शिक्शान घरात असताना परक्याच्या गोळ्या कशाला?” दादा म्हणाले.

कपाळ माझं! मी त्यांना तसंच स्कूटरवर बसवलं.

राहुरीत त्यांचं रक्त तपासायला दिलं आणि रिपोर्टची वाट बघत आम्ही बाकड्यावर बसलो. त्यांना चहा हवा होता. मी त्यांच्या सुजलेल्या पावलांकडे बघत होते आणि मला भयंकर भीती वाटत होती.

पोटॅशियम वाढलेलंच निघालं. वेळेवर आणलंत, औषधाने उतरेल, असं डॉक्टर म्हणाले. किडन्यांचं मात्र त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. जे गेलं ते परत येणार नव्हतं.

परतताना दादा स्कूटरवर मागे बसले होते. गाव जवळ आल्यावर म्हणाले, “आन् ज्या पेशींला आदीच इख लागलंय, त्यांला मागनं घेटुळी दिली तर?”

तो प्रयोग आम्ही केला होता. त्या पेशी वाचल्या नव्हत्या.

“अजून केला नाही, दादा.”

“मग कर की लवकर,” ते म्हणाले.