नावाड्याचं पुढे काय झालं

घरात पुस्तकं वाचणारी एकच, ती म्हणजे थोरली सून. हे कुणी ठरवून दिलं नव्हतं, पण सगळ्यांना मान्य होतं. बाजारामागच्या गल्लीत तिचं कपडे आल्टर करायचं दुकान होतं. कुणाची पँट कमरेत सैल करून दे, कुणाचा कोट खांद्यात आवळून दे, असं चालायचं. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. गिऱ्हाईक नसलं की मशीनच्या ड्रॉवरमधून लायब्ररीचं पुस्तक बाहेर यायचं. कसं आहे म्हणून कुणी विचारलंच, तर आवडलेल्या पुस्तकाला ती "वाच" म्हणायची आणि न आवडलेल्याला "बरंय." तिच्या त्या "बरंय"ला सगळं घर वचकून असायचं.

दुपारी जेवायला घरी आली की ती सासूबाईंना वाचून दाखवायची. सासूबाईंची नजर अधू झाली होती, कान मात्र तिखट होते. खिडकीशी आरामखुर्ची, पायांवर शाल, शेजारी स्टुलावर थोरली. दिवसातली तिची सगळ्यात आवडती वेळ ती.

धाकटी जाऊ पलीकडच्या वस्तीत राहायची आणि दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. हसरी, बोलघेवडी. पुस्तक हातात धरलं की चार पानांत जांभया द्यायची. त्यामुळे एका रविवारी जेवताना दिरानं "हिची कादंबरी छापून येतेय" असं सांगितलं, तेव्हा थोरलीचा घास हातातच राहिला.

"कुणाची?"

"हिची. कधीपासून लिहितेय. मलासुद्धा उशिरा सांगितलं."

धाकटी लाजून म्हणाली, "असंच आपलं, ताई. सुचलं तसं लिहिलं."

सुचलं तसं! इतकी वर्षं थोरली पुस्तकांत बुडालेली, पण आपण एखादी ओळ लिहावी असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. लिहिणारी माणसं कुठली तरी वेगळी असतात असंच ती धरून चालली होती. आणि ही बाई, जिला वाचायचा कंटाळा, ती सुचलं तसं लिहून मोकळी झाली.

प्रकाशनाला घालायचं जॅकेट धाकटीनं तिच्याकडेच आणलं. "पाठीत जरा बसतं करून द्या ना, ताई. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही." थोरलीनं ते इतकं सुरेख बसवलं की तिचा तिलाच राग आला. समारंभात ती नवऱ्याशेजारी बसून टाळ्या वाजवत होती आणि मनात एकच जप चालला होता, वाईट असू दे, वाईट असू दे.

कादंबरी वाईटच निघाली.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून तिनं वाचायला घेतली. एक नर्स आपल्या हरवलेल्या बहिणीला शोधायला नदीपलीकडे जाते, अशी गोष्ट. गोष्ट वाईट नव्हती, पण लिहिलेली कशी? जो तो उठून सुस्कारा टाकत होता. रडायचं ठरलं की आभाळ हटकून भरून यायचं. नर्सचा काका सुरुवातीलाच वारला होता, तो पुढे लग्नात निवांत चहा पीत बसलेला सापडला. थोरली आधी फसकन हसली. मग हसू आटत गेलं. तिला आनंद व्हायला हवा होता, पण पानं उलटताना तिचा पार हिरमोड झाला. इतके दिवस आपण जळलो, झोप घालवली, ती ह्याच्यावर? निदान हेवा करण्याजोगं तरी काही असायचं!

"कसं आहे गं?" नवऱ्यानं विचारलं.

"बरंय."

नवऱ्यानं पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं.

पण सासूबाई कुठे ऐकायला? "लायब्ररीचं ठेव बाजूला. माझ्या सुनेनं लिहिलेलं वाच."

"मी पण सूनच आहे, आई."

"तू आहेसच गं. वाच."

वाचता वाचता तिची जीभ अडखळायला लागली. असली वाक्यं तोंडातून काढायची तिला लाज वाटायला लागली! एक सुस्कारा तिनं गाळला. मग दुसरा गाळला. काकाला तिनं चहाबरोबरच घालवून दिलं. पुढे नदी आली. पुस्तकात एवढंच होतं की एका म्हाताऱ्या नावाड्यानं नर्सला पलीकडे सोडलं. थोरली तिथं थांबली. एवढा माणूस नाव घेऊन आला आणि एका ओळीत संपला? पुस्तकावरची नजर न काढता ती बोलत राहिली. नावाडी नदीच्या ऐन मध्यावर वल्हं थांबवतो. म्हणतो, "पोरी, बहीण सापडली आणि ती यायला नाही म्हणाली, तर?" नर्सला उत्तर देता येत नाही. नाव तशीच पाण्यावर डुलत राहते.

सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या. "अगं बाई! काय लिहिते पोर!"

थोरलीच्या काळजात सुरी फिरली. शब्द तिचे आणि वाहवा धाकटीची. उद्यापासून जसं छापलंय तसंच वाचायचं, असं तिनं ठरवलं आणि वाचलंही. सासूबाई पहिल्याच पानाला पेंगल्या, घोरायलासुद्धा लागल्या. थोरलीला वाटलं, आपण जिंकलो. पण जाग आल्यावर म्हातारीनं पहिलं काय विचारलं असेल, तर "नावाड्याचं पुढे काय झालं?" आणि ते सांगायचा मोह थोरलीला आवरला नाही. त्या दिवसापासून मांडीवर पुस्तक उघडं असायचं आणि गोष्ट मात्र थोरलीची चालायची.

रविवारी धाकटी आली, तशी सासूबाईंनी तिला जवळ ओढून घेतलं. "नावाडी किती छान लिहिलास गं! मधेच वल्हं थांबवतो आणि विचारतो. माझ्या अंगावर काटा आला."

धाकटी हसू चेहऱ्यावर तसंच ठेवून थोरलीकडे बघत राहिली. थोरली पाणी आणायच्या निमित्तानं उठली. धाकटी मागोमाग स्वयंपाकघरात.

"ताई, माझ्या पुस्तकात हे नाहीये."

"नाहीये."

"मग?"

"आईंना झोप यायला लागली होती," थोरली म्हणाली. तिला ते लागेलसंच बोलायचं होतं आणि ते लागलं.

धाकटीचे डोळे भरले. "इतकं वाईट आहे का?"

"हो," थोरली म्हणाली. मग न राहवून विचारलं, "छापायच्या आधी मला का नाही दाखवलंस?"

"तुम्ही 'बरंय' म्हणाला असतात. मग मी ते कुणालाच दाखवलं नसतं."

थोरली धुतलेले पेले पुन्हा धूत राहिली. धाकटीनं पदरानं नाक पुसलं आणि ओट्याला टेकून हलक्या आवाजात विचारलं, "ती बहीण भेटते का शेवटी? तुमच्यात?"

"तुझ्यात भेटते ना."

"माझ्यात मिठी मारून रडतात दोघी. तुमच्यात काय होतं?"

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. ती खरोखरच कान टवकारून उभी होती, लेखिकाबाई, फोटोसकट छापलेली. थोरलीला क्षणभर फार बरं वाटलं आणि मग तितकंच वाईट.

"अजून ठरलं नाही," ती म्हणाली. "दुपारी यायचं आणि आईंबरोबर ऐकायचं."

त्यानंतर दवाखान्याला सुट्टी असली की धाकटी दुपारची यायची, दाराशी पाट घेऊन बसायची आणि आपलीच कादंबरी दुसरीच्या तोंडून ऐकायची. कधी ओठ चावायची. एकदा तर रागानं उठून गेली, पुढच्या सुट्टीला पुन्हा आली. सासूबाईंना यातलं काही कळलं नाही. त्या दोन्ही सुनांसमोर धाकटीचंच कौतुक करायच्या आणि धाकटी मान खाली घालायची.

थोरलीचा हेवा काही गेला नाही. गल्लीत कुणी "तुमच्या जावेचं पुस्तक वाचलं हो" म्हटलं की ती हातातलं काम थांबवते. "कसं वाटलं?" असं ती आवर्जून विचारते. समोरचा "छान आहे" म्हणाला, तर ती टाचणी ओठांत धरते आणि मान डोलावते.