जावयाच्या गिटारचे पोपडे

गॅरेजमध्ये त्याला सगळे आरसा मिस्तरी म्हणत. ठोकर खाल्लेल्या गाडीला रंग मारून झाला की खिशातून कंगवा काढायचा आणि दरवाजात बघून भांग पाडायचा, ही त्याची रीत. भांग सरळ दिसला तरच गाडी मालकाच्या ताब्यात. डोक्यावर आता भांगापुरतेही केस उरले नव्हते, पण रीत म्हणजे रीत.

बाहेर वाहवा करणारे ढीगभर होते. घरचा जावई मात्र कशालाच छान म्हणत नसे. मिस्तरीने त्याच्या स्कूटरचा पोचा काढून दिला, तर जावई म्हणाला, "हं." हेल्मेट रंगवून दिलं, तर, "हं हं." मिस्तरीला हे फार लागलं होतं. एकदा तरी या पोराच्या तोंडून 'वा, बाबा' ऐकायचंच, असं त्याने मनाशी धरलं.

संधी आपल्या पायांनी चालत आली. लेक-जावई आठवडाभर फिरायला निघाले आणि जाताना जावयाने आपली इलेक्ट्रिक गिटार सासऱ्याच्या घरी ठेवली. मिस्तरीने पेटी उघडली आणि बघतच राहिला. काय तो बांधा! कमरेत बारीक, वर दोन शिंगं, मधे चकचकीत पट्टी. पण अंगावर आकाशी रंगाचे पोपडे उडालेले, हात टेकतो तिथे लाकूड उघडं पडलेलं. मिस्तरीचा जीव कळवळला.

"सासरा रंगारी आणि जावई हे घेऊन चारचौघांत उभा राहतो!"

"त्याला विचारा तरी आधी," बायको म्हणाली.

"विचारून केलं तर त्यात मजा काय?"

हात शिवशिवत होतेच. तारा उतरल्या, पट्टी सुटली. पट्टीखाली मूळचा आकाशी शाबूत होता, त्याच्याशी जुळवत त्याने रंग कालवला. पुट्टी, प्रायमर, रंग, वरून लखलखीत लेप. शेवटच्या दिवशी त्याने गिटारच्या पाठीत बघून भांग पाडला आणि स्वतःवरच खूश झाला.

जावई आला. त्याने पेटी उघडली आणि त्याचा चेहरा पडला.

"बाबा, पोपडे कुठे गेले?"

"उडवले! एक ठेवला नाही!"

लेकीने कपाळावर हात मारला. "अहो बाबा, ती नवीकोरीच होती. कारखान्यातच मुद्दाम घासून जुनी केलेली. दुकानात शेजारीच चकचकीत होती, ती सोडून याने जास्त पैसे देऊन ही घेतली."

"जास्त पैसे? ओरखड्यांचे?" मिस्तरी मटकन खाली बसला. जन्मभर लोकांनी त्याला ते घालवायचे पैसे दिले होते.

"करायला गेले गणपती आणि झाला मारुती," बायको पुटपुटली. जावयाकडून साधं 'हं'सुद्धा नाही. सगळे चहाला आत गेले.

मिस्तरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण बिघडवलं, आपणच निस्तरावं, म्हणून त्याने खिळा उचलला. पण खिळा काही खाली येईना. स्वतःच्या रंगावर ओरखडा काढायला त्याचा हात धजेना. निदान ती अंगाला कुठे घासते ते तरी बघू, असं म्हणून त्याने गिटारचा पट्टा गळ्यात अडकवला आणि कपाटाच्या आरशासमोर उभा राहिला.

आणि काय सांगावं, रुबाबदार दिसत होता तो! त्याने पाय फाकले. हनुवटी वर केली. खोलीत कुणी नाही असं बघून कमरेला एक झटका दिला, मग दुसरा. तिसऱ्याला आवाज आला, खर्रर्र. त्याच्या कमरपट्ट्याच्या बकलाने गिटारच्या पाठीवर वीतभर रेघ ओढली होती.

दारात जावई कप घेऊन उभा होता. कधीपासून, देव जाणे.

"आत्ता घालवतो, आत्ता," मिस्तरी घाबरून म्हणाला. "पॉलिश मारलं की—"

"खबरदार!" जावयाने कप ठेवला, गिटार उलटी केली आणि त्या रेघेवरून सावकाश बोट फिरवलं. कारखान्याच्या ओरखड्यांना त्याने असा हात लावलेला कुणी पाहिला नव्हता.

"वा, बाबा," तो म्हणाला आणि पट्टा पुन्हा सासऱ्याच्या गळ्यात घातला. "आता जरा डावीकडून नाचा बघू."